जुन्या पिकअपची थरथर

ताप आला म्हणजे वैद्य प्रथम नाडी पाहतो. ताप केव्हां चढतो, केव्हां उतरतो, थंडी वाजून येतो काय, हें तो विचारतो, आणि मग औषधाकडे वळतो. मोटारीच्या बाबतींत हा क्रम पुष्कळदां उलटा होतो. पुढचीं चाकें थरथरूं लागलीं, कीं मालक आधीं टायर बदलतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर अलाइनमेंट करून घेतो. मग कोणीतरी सांगतो म्हणून स्टिअरिंगला नवा डॅम्पर बसवितो. इतका खर्च होऊन गाडी रस्त्यावर येते, आणि पहिल्याच पुलाच्या सांध्यावर स्टिअरिंगचें चक्र पुन्हा हातांतून हिसकूं लागतें. मागें माल भरलेला, समोरून वाहनें येत असलेलीं, अशा वेळीं हा हिसका केवळ गैरसोयीचा राहत नाहीं. त्यावर चालकाच्या व वाटसरूंच्या जिवाचा प्रश्न अवलंबून असतो.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील फोर्ड एफ-१०० ही गाडी घ्यावी. फोर्डची ‘एफ’ ही मालिका १९४८ सालच्या गाड्यांपासून सुरू झाली, आणि एफ-१०० हें नांव १९५३ पासून चालूं झालें. १९६४ पर्यंतच्या या पिकअपमध्यें पुढच्या दोन चाकांमध्यें पोलादाचा एकच अखंड आंस असे. त्याच्या दोन टोकांना किंगपिन नांवाच्या उभ्या खुंट्या, त्या खुंट्यांभोंवतीं वळणारीं चाकें, आणि दोन्ही चाकांना एकत्र वळविणारा टाय रॉड हा आडवा दांडा, अशी ही साधी रचना होती. १९६५ सालच्या गाड्यांपासून फोर्डनें प्रत्येक चाकासाठीं वेगळा आंस दिला. त्यापूर्वींच्या गाड्या आजही कांहीं मालकांनीं कामासाठीं व हौसेनें चालत्या ठेवल्या आहेत. अखंड आंस आणि पाटे ही जोडी महाराष्ट्रांतील लोकांना जुन्या विलिस जीपमुळें परिचयाची आहे. म्हणून पुढील परीक्षेचा बराच भाग त्या गाडीलाही लागू पडतो.

अखंड आंसाचा एक स्वभावदोष आहे. एक चाक दगडावर चढलें, कीं सगळा आंस कलतो आणि दुसरें चाकही कलतें. वेगानें फिरणारा भोवरा कलविला असतां तो सरळ न पडतां बाजूला वळूं पाहतो. फिरणाऱ्या चाकाचेंही तसेंच होतें. कलणें वळण्याला जन्म देतें, वळणें पुन्हा कलण्याला. सांधे घट्ट असले तर ही आंदोलनें लगेच विरतात. ते झिजलेले असले तर तीं वाढत जातात. १९२३ मध्यें कमी दाबाचे फुगीर ‘बलून’ टायर बाजारांत आले आणि त्याच दशकांत पुढच्या चाकांनाही ब्रेक बसूं लागले, तेव्हां या दोषानें मोटारधंद्याला फार सतावलें. त्याला ‘शिमी’ असें नांव पडलें. जनरल मोटर्समध्यें मॉरिस ऑली या अभियंत्यानें या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि १९३४ सालच्या गाड्यांत त्या कंपनीनें पुढच्या चाकांना स्वतंत्र टेकण दिलें. मालवाहू गाड्यांत मात्र मजबुती व स्वस्ताई यांसाठीं अखंड आंस दीर्घकाळ टिकून राहिला.

आतां परीक्षेचा क्रम. प्रारंभ प्रश्नांनीं करावा, कारण त्यांना पैसा पडत नाहीं. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते आणि वेग वाढविल्यावर ओसरते काय? ती हातांना लागते कीं बैठकीला? ब्रेक दाबल्यावरच येते काय? खड्डा लागल्यावरच येते काय? माल भरल्यावर वाढते काय? आणि ती सुरू होण्यापूर्वीं गाडीवर कोणतें काम झालें होतें?

या प्रश्नांचीं उत्तरें बरेंच सांगून जातात. फक्त ब्रेक दाबल्यावर हिसके बसत असतील, तर ब्रेकचा ड्रम वाटोळा राहिलेला नसण्याचा संभव अधिक. मोकळ्या सरळ रस्त्यावर, इंजिन चालूंच ठेवून, गाडी न्यूट्रलमध्यें सोडली आणि कंप तसाच राहिला, तर इंजिन निर्दोष ठरतें. महिनाभर उभी असलेली गाडी पहिले कांहीं किलोमीटर दणके देऊन मग शांत झाली, तर तो उभ्या राहण्यानें चपट्या झालेल्या टायरचा परिणाम असतो.

कंपाचा वेगही बोलका असतो. १६ इंची रिमवरील या गाडीच्या टायरचा व्यास सुमारें २८ इंच, म्हणजे परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशीं ८० किलोमीटर वेगाला असें चाक सेकंदाला सुमारें १० फेरे करतें. मागच्या आंसांतील दांतांचें प्रमाण ४ ला १ च्या जवळ असल्यास प्रोपेलर शाफ्ट तेवढ्याच वेळांत सुमारें ४० फेरे करतो. सेकंदाचे १० हिसके हातांना सुटे सुटे जाणवतात. ४० कंप गुणगुणीसारखे तळपायांना आणि बैठकीला लागतात. हा भेद ओळखणारा मालक शाफ्टच्या दोषासाठीं टायर विकत घेत नाहीं.

चाकांकडे वळल्यावर प्रथम पाणी व ब्रश हातीं घ्यावा. रिमच्या आंतल्या बाजूला वाळलेला चिखल हें थरथरीचें एक अगदीं सामान्य कारण आहे. रिमच्या कडेला केवळ ३० ग्रॅम वजन अधिक झालें, तर ताशीं ८० किलोमीटरला तें चाकाला सुमारें अडीच किलोग्रॅम वजनाच्या जोरानें ओढतें, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्याबरोबर दिशा बदलते. वेग निम्मा केला कीं हा जोर चौथाईवर येतो. म्हणूनच गांवांत शांत असणारी गाडी हमरस्त्यावर थरथरते. नंतर चाकाच्या नटांची घट्टाई व हवेचा दाब पाहावा. चाक उचलून, टायरजवळ खडू स्थिर धरून तें हातानें फिरवावें. टायरचा फुगवटा किंवा रिमचा वाकडेपणा खडूच दाखवितो. शेवटीं पुढचीं चाकें मागें व मागचीं पुढें बसवून पाहावीं. थरथर हातांतून बैठकीकडे गेली, तर दोष चाकांत आहे. ती जागची हलली नाहीं, तर चाकांवर आणखी खर्च करूं नये.

यापुढची परीक्षा आंसाची. मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचा आंस जॅकनें उचलावा आणि भक्कम घोडीवर टेकवावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणी जाऊं नये. चाक माथ्याला व तळाला धरून आंत-बाहेर हलवावें. ढिलाई जाणवली तर ती बेअरिंगची कीं किंगपिनची, हा प्रश्न उरतो. त्याची युक्ति सोपी आहे. साहाय्यकाला ब्रेक दाबून धरावयास सांगून चाक पुन्हा हलवावें. ढिलाई नाहींशी झाली तर बेअरिंग सैल आहे, आणि तें बहुधा थोडें आवळून भागतें. ढिलाई कायम राहिली तर किंगपिन व तिच्या बुशी झिजल्या आहेत. ग्रीस वेळेवर न मिळाल्यानें ही झीज होते, आणि तिच्यावर नव्या किंगपिन व बुशी यांखेरीज उपाय नाहीं.

टाय रॉडचे सांधे गाडी जमिनीवर उभी असतांना तपासावे. साहाय्यकानें चक्र थोडें डावीं-उजवीं हलवावें आणि दुसऱ्यानें प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावें. ज्या सांध्याच्या एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला उशिरां पोहोंचते, तो गेलेला समजावा. याच वेळीं स्टिअरिंगची पेटी चौकटीवर पक्की आहे ना, पाट्यांचे यू बोल्ट आवळलेले आहेत ना, हेंही पाहावें.

अलाइनमेंटचा क्रम यानंतरचा. झिजलेल्या सांध्यांवर घेतलेलें माप दुसऱ्या दिवशीं खोटें ठरतें. या मापांत किंगपिनचा कल विशेष महत्त्वाचा. सायकलच्या पुढच्या फोर्कप्रमाणें किंगपिनही माथ्याकडे किंचित् मागें कललेली असते, आणि त्यामुळें चाक आपोआप सरळ येऊं पाहतें. कल फार कमी झाला तर गाडी भरकटते. फार वाढला तर चाक जोरानें परततें आणि शिमीला चालना मिळते. मागचे पाटे बसलेले असले, किंवा पाट्याखालची पाचर कोणी उलटी बसविलेली असली, तरी हा कल बिघडतो.

डॅम्पर हा शेवटचा उपाय. तो हिसक्याचा जोर गिळतो. सांध्याची झीज भरून काढीत नाहीं. उलट, झिजलेली किंगपिन जी सूचना हातांना देत असते, ती तो दाबून टाकतो, आणि मालकाला खोटी निश्चिंति मिळते. सर्व सांधे घट्ट, चाकें समतोल व मापें बरोबर झाल्यावर डॅम्परनें आपलें काम अवश्य करावें. तत्पूर्वीं त्याची नेमणूक करणें म्हणजे ताप न तपासतां तापमापक फोडणें होय.

आणि हा हिसका चालत्या गाडींत आलाच, तर चालकानें चक्र दोन्ही हातांनीं धरावें, पण त्याशीं झुंज घेऊं नये. ॲक्सिलरेटरवरील पाय काढावा, एकदम करकचून ब्रेक मारूं नये, वेग हळूहळू उतरूं द्यावा आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी. थरथर थांबली म्हणून पुढें निघावें असें नाहीं. पुढचा सांधा, पुढचा खड्डा तोच हिसका पुन्हा देईल. गाडीनें इशारा दिलेला आहे. कारण सांपडेपर्यंत तिच्यावर माल लादूं नये.