कार्डिनल न्यूमन आणि श्रद्धावंतांची साक्ष
(ज्युबिली-समारंभांतील भाषण)



ज्युबिलीच्या या शुभप्रसंगीं संत जॉन हेन्री न्यूमन या थोर लेखकाचें चरित्र आपणांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

ता. २१ फेब्रुवारी १८०१ रोजीं लंडन शहरीं त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथें अँग्लिकन धर्मोपदेशक असतां १८३३ पासून मित्रांसह पत्रकें काढून त्यांनीं इंग्लंडांत मोठी धर्मजागृति केली. परंतु आद्य धर्मपित्यांचे ग्रंथ अभ्यासितां अभ्यासितां त्यांची खात्री पटली, कीं प्रेषितांची ख्रिस्तसभा ती कॅथलिकच होय. ९ ऑक्टोबर १८४५ रोजीं लिटलमोर येथें फादर डॉमिनिक बार्बेरी यांच्या हस्तें ते तीत प्रविष्ट झाले. मान गेला, जिवलग मित्र दुरावले. सत्य मात्र हातीं आलें.

१८५९ सालीं त्यांनीं 'रॅम्बलर' या कॅथलिक नियतकालिकाचें संपादन पतकरलें. प्रापंचिकांचें मतही विचारांत घ्यावें, हा त्यांतील विचार कांहीं वरिष्ठांस रुचला नाहीं. बिशपांचा सल्ला मानून त्यांनीं जुलैच्या अंकानंतर संपादन सोडलें. पण त्याच अंकांत त्यांनीं दाखवून दिलें, कीं चौथ्या शतकांत एरियसाचें पाखंड माजलें व अनेक बिशप डगमगले, तेव्हां बाप्तिस्म्याची श्रद्धा सामान्य भाविकांनींच जतन केली. शिकविण्याचा अधिकार बिशपांचाच. परंतु श्रद्धावंत हे त्या श्रद्धेचे साक्षी होत, हें त्यांचें म्हणणें. या लेखाविरुद्ध रोमला तक्रार गेली आणि पुष्कळ वर्षें त्यांच्याकडे संशयानें पाहण्यांत आलें. त्यांनीं ना आज्ञापालन सोडलें, ना लेखणी. १८६४ सालीं चार्ल्स किंग्स्ली यांनीं त्यांच्या सत्यनिष्ठेवर आक्षेप घेतला, तेव्हां त्यांनीं 'अपोलोजिया' हें आत्मचरित्र लिहून उत्तर दिलें.

१८७९ सालीं पोप लिओ तेरावे यांनीं त्यांस कार्डिनल केलें. ११ ऑगस्ट १८९० रोजीं ते प्रभूच्या घरीं गेले. १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें. १ नोव्हेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केलें.

बंधुभगिनींनो, या धर्मग्रामांत धर्मगुरु आले आणि बदलून गेले. घरोघरची सायंकाळची रोझरी मात्र आपल्या आजीआजोबांनीं चालविली. तेच येथील साक्षी. परंतु ज्यास आपली श्रद्धा ठाऊक नाहीं, तो साक्ष कशाची देणार? म्हणून श्रद्धा नुसती पाळूं नका; ती समजून घ्या, मुलांस समजावून सांगा. संत न्यूमन आपणांसाठीं प्रार्थना करोत.