छपराची जात

(कोकणातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



वादळ येऊन गेलं की पुढारी एक वाक्य हमखास फेकतो : निसर्गापुढे सगळे सारखे. हे वाक्य आज आपण हिशेबाला लावू.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, अलिबाग या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, कौलं आणि पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं. वारा सगळ्याच आळ्यांवरून गेला, खरं आहे. पण वाऱ्याखाली जे छप्पर होतं ते सारखं नव्हतं.

छप्पर उडतं कसं? आपल्याला वाटतं, वारा ढकलतो. पण छपरावरून जाणारा वारा त्याला वर ओढतो. त्यात दार-खिडकी फुटली की आत घुसलेला वारा खालून रेटतो. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ५० किलोच्या वर भरतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीच्या छपराला ५०० किलोच्या आसपास ओढ. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. आणि आपण पत्र्यावर काय ठेवतो? चार दगड आणि एक फाटका टायर. पत्रा उचलला की तेच दगड खाली झोपलेल्या लेकरांवर येतात.

यावरचा उपाय कुणाला ठाऊक नाही असं नाही. वादळात छोटी घरं कशी टिकवावीत याचं मानक, आयएस १५४९८, सरकारी मानक संस्थेने २००४ सालीच काढलंय. मुद्दा सोपा आहे : पत्रा हुक-बोल्टने वाशाला, वासा लोखंडी पट्टीने भिंतीला आणि भिंत पायाला घट्ट बांधलेली पाहिजे. कडा, कोपरे आणि आढं इथे ओढ जास्त, तिथे बोल्ट जवळजवळ. वळचण फार बाहेर काढायची नाही. हे काम करणारे गवंडी, सुतार, वेल्डर आपल्याच वस्तीत आहेत. दुसऱ्यांचे बंगले तेच बांधतात. मग स्वतःच्या घरावर दगड का?

कारण घराखालची जमीन! याच कोकणात खोत जमिनीचा मालक होऊन बसला होता. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणलं ते उगाच नाही. खोती कायद्याने गेली. पण घराखालची जागा आपल्या नावावर नाही अशा बौद्धवाड्या, कातकरीवाड्या आजही आहेत. ज्या जागेवरून उद्या हाकलतील, तिथे पैसा घालून पक्की भिंत कोण उभारणार?

आता वादळानंतरचं बघा. २०२२ ते २०२६ साठी केंद्राने मदतीचे निकष ठरवले. मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये. झोपडीला ८,०००. पंधरावा हिस्सा! गवत, माती, प्लास्टिकच्या कागदाचं असेल तर ती झोपडी. वर आणखी एक अट : घर अधिकृत बांधकाम असलं पाहिजे, तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पाहिजे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जागा नाकारायची, नाकारल्यावर जे उभं राहिलं त्याला अतिक्रमण म्हणायचं, आणि ते उडालं की कागद मागायचा. वाऱ्याने एकदा पाडलेलं घर पंचनामा दुसऱ्यांदा पाडतो.

कोणी म्हणेल, सरकार तरी काय करणार? ओरिसाकडे बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १०,००० माणसं मेली. मग त्यांनी किनाऱ्याने पक्के निवारे बांधले. मे २०१९ च्या फनी वादळाआधी दहा लाखांहून जास्त लोक हलवले, आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. म्हणजे मनात आणलं तर राज्याला जमतं. पण त्याच फनीत पुरी जिल्ह्यातल्या एका दलित वस्तीला निवाऱ्यातून हाकललं आणि त्या लोकांनी वडाखाली वादळ काढलं, अशी बातमी छापून आली. सिमेंटचा निवारा बांधता येतो. त्याच्या दारात उभी असलेली जात सिमेंटने जात नाही.

म्हणून दोस्तांनो, नुसत्या घोषणा देऊन घरी जायचं नाही. येत्या मेच्या आत प्रत्येक शाखेने आपल्या वाडीची घरनोंद करायची. किती खण, भिंत कशाची, छप्पर कशाचं, फोटो, घरपट्टीची पावती, वीजबिल, सगळं एका वहीत. घरपट्टी लावून घेत नसतील तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज, आणि त्याची पोच. पंचनाम्याला आपला माणूस हजर पाहिजे. वाचल्याशिवाय आणि प्रत घेतल्याशिवाय कोणी सही-अंगठा करायचा नाही. शाळेत निवारा करणार असतील तर किल्ली कुणाकडे, हे आजच विचारा. आणि आपल्या गवंडी-सुतारांनी दोन रविवार द्यायचे : आधी म्हाताऱ्यांची आणि एकट्या बायांची छपरं बांधायची.

हे झालं आपलं काम. सरकारकडे मागणी एकच : घराखालची जागा आमच्या नावावर करा. तिच्यावर टिकणारं घर उभं करायला आमचे हात पुरेसे आहेत.

जय भीम!