वाऱ्याला घरात वाट द्या
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्याच्या पत्रकावर कापसाचा भाव, वीजबिल आणि पीकविमा असे तीन विषय छापले आहेत. चौथा विषय मी आग्रहाने मागून घेतला. तो आहे आपल्या घरातली हवा आणि त्या हवेतून पसरणारा रोग. कोणी म्हणेल, शेतकी कॉलेजात शिकलेल्या माणसाला दवाखान्यातलं काय कळतं? औषध कोणतं द्यायचं ते मी सांगणार नाही, ते डॉक्टर सांगतील. पण हवेतून पसरणारा रोग हा जितका दवाखान्याचा विषय आहे तितकाच वाऱ्याचा आहे. आणि वाऱ्याचं म्हणाल, तर शेतकऱ्याइतकं शहाणपण कोणाकडे आहे?

खळ्यावर शिकलेला धडा

मळणीयंत्र येण्याआधी आपण ज्वारी खळ्यावर उपणत होतो. तिवईवर उभं राहून सुपातून धान्य सोडलं, की जड दाणा सरळ पायाशी पडे, भूस चार हात लांब जाई आणि ज्वारीची बारीक कूस वाऱ्याबरोबर पार निघून जाई. आता असं समजा, की हेच काम तुम्ही दारं-खिडक्या लावून घरात केलं. दाणा तेव्हाही पायाशीच पडेल. पण कूस जाईल कुठे? ती खोलीतच तरंगत राहील, नाकात जाईल, अंगाला खाजेल.

माणूस खोकतो तेव्हा नेमकं हेच होतं. मोठे थेंब दाण्यासारखे दोन-चार हातांवर खाली पडतात. बारीक थेंब हवेत सुकतात, आणखी हलके होतात आणि कुसेसारखे तरंगत राहतात. कोंडलेल्या खोलीत ते तासन् तास टिकू शकतात. खोकणारा माणूस उठून गेला तरी त्याने सोडलेली हवा तिथेच असते. क्षयरोगाचा जंतू या बारीक कणांवर बसूनच दुसऱ्याच्या फुफ्फुसात पोचतो. गोवर, कांजिण्या आणि कोरोना हे रोगही याच वाटेने जातात. त्याला खोकलाच लागतो असंही नाही. मोठ्याने बोलताना, गाताना असे कण बाहेर पडतातच.

फवारणी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पंपाचं नोझल जितकं बारीक, तितका फवारा वाऱ्यावर लांब जातो. मोठा थेंब पानावर बसतो, बारीक धुकं शेजाऱ्याच्या वावरात जातं. आपण फवारताना वाऱ्याकडे पाठ करतो. घरात मात्र वाराच नसतो, मग पाठ कोणाकडे करणार?

तज्ज्ञांना उशिरा कळलं

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केलं. पण तो पसरतो कसा, यावर पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं वाद चालला. अमेरिकेत चार्ल्स चेपिन नावाचे मोठे आरोग्य अधिकारी होते. हवेतून रोग पसरण्याची भीती फारशी खरी नाही, मुख्य कारण जवळचा संपर्क, असं त्यांनी १९१० मध्ये मांडलं. ते अनेक वर्षं प्रमाण मानलं गेलं.

मग विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या दोघांनी बाल्टिमोर शहरात एक प्रयोग केला. तो १९५६ च्या सुमारास सुरू झाला. क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा त्यांनी नळ्यांतून वर नेली आणि तिथे पिंजऱ्यात ठेवलेल्या गिनीपिगांना ती हवा दिली. गिनीपिगांचा रोग्यांशी संपर्क नाही, स्पर्श नाही, उष्टं-खरकटं नाही. आली ती फक्त हवा. तरी त्यांना क्षयाची लागण होत गेली. दुसऱ्या पिंजऱ्यांत तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन सोडली होती. तिथली जनावरं वाचली. हवेवर पुरावा सिद्ध झाला.

एवढं होऊनही २०२० मध्ये काय झालं ते आठवा. कोरोना हवेतून पसरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये ठासून सांगितलं. आपण हात धूत बसलो, भाजीपाला धुतला, रस्त्यावर औषध फवारलं, आणि दारं-खिडक्या लावून घरात बसलो. त्याच महिन्यात, १० मार्चला, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गाणाऱ्यांचं एक मंडळ सरावाला जमलं होतं. आपल्या भजनी मंडळासारखंच समजा. ६१ माणसं, बंद सभागृह, अडीच तास गाणं. त्यांत एकाला सर्दी-खोकल्यासारखा त्रास होता. पुढच्या काही दिवसांत ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. असे दाखले साचत गेले. शेवटी कोंदट जागेत हा रोग हवेतूनही पसरतो, असं त्याच संघटनेने २०२१ मध्ये आपल्या माहितीत स्पष्ट लिहिलं.

हे मी कोणाची टिंगल करायला सांगत नाही. तज्ज्ञाने सांगितलं म्हणून डोळे मिटायचे नाहीत, आणि तज्ज्ञ चुकला म्हणून विज्ञानाला लाथही मारायची नाही. प्रयोग काय सांगतो ते बघायचं.

जुनी इमारत जिंकली

पेरू देशात लिमा शहरातल्या आठ दवाखान्यांमध्ये खोल्यांतली हवा मोजली गेली. त्याचा निष्कर्ष २००७ मध्ये छापून आला. जिथे यंत्राने हवा खेळवली जात होती तिथे खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलेल असा हिशोब होता. जिथे यंत्र नव्हतं, नुसत्या दारं-खिडक्या सताड उघडल्या, तिथे सरासरी २८ वेळा बदलली. त्यातही उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत ४० वेळा, आणि बुटक्या छताच्या नव्या इमारतींत १७ वेळा. लाखोंचं यंत्र हरलं आणि उघडी खिडकी जिंकली.

याचं गणित साधं आहे. रोगी तेवढेच कण सोडतो आहे असं धरा. खोलीतली हवा दुप्पट वेगाने बदलली, तर हवेत साचणारे कण साधारण निम्मे होतात. चौपट बदलली, तर पाव हिश्शावर येतात. डबक्यात मिसळलेलं मीठ आणि वाहत्या पाटात मिसळलेलं मीठ, यांत जो फरक तोच.

घरं कोंदट का झाली?

आपलं जुनं कवेलूचं घर गळत होतं, पण श्वास घेत होतं. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. माळवदाच्या घरात धूर जायला छतालाच झरोका असे. त्या घरांचं कौतुक मी करत नाही. त्यांत विंचू होते, अंधार होता, आणि चुलीच्या धुराने बायांच्या छातीचं वाटोळं होत होतं. पण स्लॅब आणि टिनाचं घर आलं तेव्हा फटी बुजल्या, आणि बुजलेल्या फटीच्या जागी खिडकी द्यायचं राहून गेलं. घरकुल योजनेत किमान जागा २५ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आत. पैसे पुरत नाहीत, म्हणून पहिली काट खिडकीवर लागते. जी खिडकी असते तिलाही चोराची, मांजराची, डासांची, थंडीची भीती. वर बाईमाणसाच्या आडोशाचा प्रश्न. म्हणून तीही बंद.

आणि आता आपल्या पिकाचा हिशोब बघा. वेचलेला कापूस कुठे ठेवतो आपण? घरात. भाव पडलेला असतो, चार पैसे वाढतील या आशेने आपण कापूस धरून ठेवतो. गोदाम नाही. दोन खोल्यांपैकी एका खोलीत कापसाची गंजी खिडकीच्या वर जाते, आणि ठिणगीच्या व चोरीच्या भीतीने ती खोली बंद राहते. उरलेल्या एका खोलीत आई-वडील, पोरं, सून, सगळे. हा काळ नेमका थंडीचा, दारं लावून झोपण्याचा. त्या घरात म्हातारा महिनाभर खोकत असेल, तर त्याच्या श्वासातली हवा रात्रभर नातवाच्या नाकात जाते. म्हणून मी म्हणतो, कापसाचा भाव आणि घरातला क्षय हे दोन वेगळे विषय नाहीत. जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी साधारण एक भारतात आहे, तो उगाच नाही.

रोग्याला वाळीत टाकू नका

हे ऐकून कोणी घरी जाऊन म्हाताऱ्याची खाट गोठ्यात टाकेल, किंवा सुनेला माहेरी धाडेल. तसं करणाऱ्याने माझं भाषण ऐकलंच नाही.

मद्रासमध्ये १९५६ साली क्षयरोगाचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या रोग्यांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला वर्षभर इस्पितळात ठेवलं, चांगलं खायला दिलं, विश्रांती दिली. दुसऱ्या गटाला तीच औषधं देऊन घरीच ठेवलं. दोन्ही गटांतले रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले. आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात क्षयाचं प्रमाण जास्त निघालं नाही. पुढे जगभर घरी ठेवून उपचार करण्याची पद्धत रुळली, त्यात या आपल्या देशातल्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. रोग सर्वात जास्त पसरतो तो निदान होण्याआधी आणि औषध सुरू होण्याआधी. लागू पडणारं औषध सुरू झालं, की रोगी दुसऱ्याला फार लवकर कमी धोक्याचा होतो. ज्याला तुम्ही घाबरता तो औषध घेणारा शेजारी नव्हे. धोका आहे तो दोन महिने खोकला लपवणाऱ्याचा. आणि तो लपवतो, कारण तुम्ही वाळीत टाकाल ही भीती. म्हणजे वाळीत टाकण्यानेच रोग वाढतो. तोवर, निदान होईपर्यंतच्या त्या आठवड्यांत, घराला वाचवणारी वस्तू एकच: वाहती हवा.

दुसरं, पोटात अन्न हवं. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ आणि डाळ जास्तीची देऊन पाहिली. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जो देशाला डाळ पिकवून देतो त्याच्याच ताटात डाळ नसेल, तर नुसत्या गोळीने काय होणार?

काय करायचं?

घरी गेल्यावर आज रात्रीच एक परीक्षा करा. दारं-खिडक्या नेहमीसारख्या ठेवून खोलीत उदबत्त्यांचा जुडगा पेटवा, धूर भरू द्या, मग विझवा. धूर जायला किती वेळ लागतो ते बघा. जो धूर अर्धा तास रेंगाळतो, तसाच श्वासही रेंगाळतो. मग समोरासमोरची दोन दारं किंवा खिडक्या उघडून पुन्हा बघा. फरक डोळ्यांना दिसेल.

एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा आत शिरत नाही, त्याला बाहेर जायला वाट लागते. समोरच्या भिंतीत छताखाली एक-दोन विटा काढून झरोका ठेवा. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. जाळी बसवली की डास-मांजराचा प्रश्न मिटतो, उंचावर असल्याने आडोसाही राहतो. नवं बांधत असाल तर दारं-खिडक्या-झरोके मिळून उघडी जागा खोलीच्या जमिनीच्या पाचव्या हिश्शाइतकी धरा. क्षयरोगाच्या दवाखान्यांसाठी असाच हिशोब सांगतात. दहा बाय दहाच्या खोलीला वीस चौरस फूट. दार त्यात आलंच.

खोकणाऱ्याची खाट वाऱ्याच्या बाहेर पडणाऱ्या वाटेशी टाका, पोरांना वाऱ्याच्या येणाऱ्या बाजूला निजवा. शक्य त्या दिवसांत ओसरीत, अंगणात झोपा. दोन आठवड्यांवर खोकला टिकला, ताप येत असला, वजन घटत असलं, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. तपासणी आणि औषध फुकट आहे. उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, तो मध्येच सोडायचा नाही. रोग्याच्या आहारासाठी सरकार महिन्याला पैसे देतं. २०१८ पासून ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ती भीक नव्हे, हक्काची रक्कम आहे. खात्यावर आली नाही तर जाऊन विचारा.

आणि काही कामं एकट्याच्या आवाक्यातली नाहीत, ती गावाने करायची आहेत. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. पहिला, गावात मंजूर होणाऱ्या प्रत्येक घरकुलाला समोरासमोर उघडी जागा असल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळू नये, आणि त्यासाठी लागणारे पैसे अनुदानात धरावेत. दुसरा, शाळा, अंगणवाडी आणि उपकेंद्रातल्या बंद पडलेल्या खिडक्या दुरुस्त कराव्यात. तिसरा, कापूस ठेवायला गावाच्या टप्प्यात गोदाम हवं, म्हणजे माणसाची खोली माणसाला मिळेल.

पाण्यासाठी मोजावं लागतं, विजेसाठी मोजावं लागतं, बियाण्यासाठी तर घर गहाण पडतं. वाऱ्यावर अजून कोणी बिल लावलेलं नाही. फुकट मिळणारी ही एकच गोष्ट आपण विटा लावून बाहेर अडवली आहे. गावी जा, आणि आधी त्या दोन विटा काढा.