जादूचं बिल कोण भरतं?

गेल्या काही महिन्यांत मी तीन फँटसी सिरीज वाचल्या. ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न', उर्सुला ली ग्विनची 'अर्थसी' आणि एन. के. जेमिसिनची 'ब्रोकन अर्थ'. आज त्यांच्याबद्दल बोलूया. शेवट फोडणार नाही, काळजी नको.

फँटसी वाचणारे भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो, "मॅजिक सिस्टीम कशी आहे?" माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्या जादूचं बिल कोण भरतं?

आधी 'मिस्टबॉर्न'. पहिलं पुस्तक २००६ चं. आकाशातून राख पडतेय, हजार वर्षं एकच सम्राट राज्य करतोय आणि चोरांची एक टोळी त्याला उलथवायला निघालीये. इथली जादू म्हणजे धातू गिळायचा आणि पोटात 'जाळायचा'. पोलाद जाळलं की आसपासचा धातू ढकलता येतो, लोखंड जाळलं की ओढता येतो. समोरची वस्तू तुमच्यापेक्षा जड असेल तर तुम्हीच मागे फेकले जाता. म्हणजे शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे आवडणारच, सगळं कसं नीट डॉक्युमेंटेड. व्हिन नाणं खाली टाकून, त्याला ढकलून धुक्यात झेपावते तेव्हा आपल्यालाही गणित कळलेलं असतं, म्हणून मजा दुप्पट होते.

पण या पुस्तकात मला सगळ्यात जास्त लागलं ते केल्सियरच्या हातांवरच्या व्रणांचं वर्णन. अॅटियम हा सगळ्यात मौल्यवान धातू. तो हाथसिनच्या खाणीत गुलामांकडून काढून घेतात, आणि केल्सियर तिथून जिवंत परत आलाय. बिल तिथे फाटतं! पण कथेला पुढच्या लढाईची घाई असते. दुसरं पुस्तक तर मला चांगलंच ताणलेलं वाटलं.

'अर्थसी' अगदी उलट. पहिलं पुस्तक १९६८ चं, छोटंसं. वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता येते, एवढाच मुख्य नियम. पण इथे पाऊस पाडलात तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. त्यामुळे शहाणे जादूगार शक्यतो जादू करतच नाहीत. खेड्यातून आलेला गेड गर्वाच्या भरात एक सावली मोकळी सोडतो आणि मग तीच त्याच्या मागे लागते. बिल त्याच्याच नावावर.

माझं आवडतं मात्र चौथं, १९९० चं 'तेहानु'. त्यात युद्ध नाही. शेतावर राहणारी मध्यमवयीन टेनार आणि माणसांनीच आगीत भाजलेली एक लहान मुलगी आहे. थोरामोठ्यांची जादू या मुलीच्या काय कामाची, हे ली ग्विन तिथे विचारते. काहींना ते संथ वाटतं. मला ते सिरीजमधलं सगळ्यात धाडसी पुस्तक वाटतं.

आणि 'ब्रोकन अर्थ'. तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग ह्यूगो पुरस्कार मिळालेत. या जगात भूकंप सतत होतात, आणि ते शांत करणारी माणसं म्हणजे ओरोजीन. त्यांच्यामुळे इतरांची घरं उभी आहेत, पण समाज त्यांनाच घाबरतो, शिव्या देतो, मारतो. 'द फिफ्थ सीझन'च्या सुरुवातीलाच एका आईसमोर तिच्या लहानग्याचं प्रेत आहे. तो ओरोजीन आहे हे कळल्यावर बापानेच त्याला मारलंय. आईचा हा सगळा भाग 'यू' म्हणत लिहिलाय, आणि माझ्या डोक्यात तो सरळ 'तू' असाच ऐकू येत होता. सुटकाच नाही.

मला वाचताना आपले गटारात उतरणारे सफाई कामगार आठवले. माणसाला हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारातल्या मृत्यूंच्या बातम्या येतातच. शहर ज्यांच्या जिवावर चालतं त्यांनाच लांब ठेवायचं, हे समजायला आपल्याला वेगळा ग्रह लागत नाही.

म्हणून माझं मत असं : जादूचे नियम चोख असले की पुस्तक हातातून सुटत नाही, पण किंमत खरी असली की ते डोक्यातून जात नाही.

सुरुवात कुठून करायची? फँटसी नवीन असेल तर 'मिस्टबॉर्न'. वेळ कमी असेल तर 'अर्थसी'. मन घट्ट असेल तर 'द फिफ्थ सीझन'.

तुम्ही सध्या कुठली सिरीज वाचताय? आणि त्यातलं बिल कोण भरतंय? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!