पुढे काय होणार?

जेवणाच्या ताटावरही मूल हातातलं पुस्तक खाली ठेवत नाही, अशी तक्रार हल्ली फारशी कानावर येत नाही. तक्रार असते ती पडद्याची. म्हणून ज्या पुस्तकांनी जगभरच्या किशोरवयीन मुलांना रात्र रात्र जागवलं, त्यांतल्या एका मालिकेविषयी आज बोलणार आहे. मालिकेचं नाव ‘द हंगर गेम्स’.

लेखिका सुझान कॉलिन्स अमेरिकेच्या. त्याआधी त्या लहान मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी लिहीत. पहिलं पुस्तक २००८ साली आलं, ‘कॅचिंग फायर’ २००९ मध्ये आणि ‘मॉकिंगजे’ २०१० मध्ये. याच जगातल्या आधीच्या काळावर २०२० आणि २०२५ मध्ये आणखी दोन कादंबऱ्या आल्या.

कथा भविष्यातली. उत्तर अमेरिकेच्या भूमीवर पॅनेम नावाचं राष्ट्र आहे. कॅपिटॉल ही त्याची चैनीत राहणारी राजधानी आणि तिला पोसणारे १२ जिल्हे. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलं होतं. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यानं १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी पाठवायची. ही २४ मुलं रिंगणात सोडायची, एकच जिवंत उरेपर्यंत. आणि हे सारं दूरचित्रवाणीवर दाखवायचं!

बकासुराची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. कॉलिन्स यांच्यासमोर ग्रीक पुराणातला राक्षस होता. अथेन्सनं सात मुलगे आणि सात मुली त्याच्याकडे पाठवायच्या, ही ती कथा. तिला जोड मिळाली एका रात्रीची. वाहिन्या बदलताना एकीकडे स्पर्धेतली तरुण मुलं दिसत होती, दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्यं. दोन्ही चित्रं मनात एकमेकांत मिसळली, असं त्यांनी सांगितलं आहे.

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते रिंगणानं नव्हे, चिठ्ठ्यांच्या हिशेबानं. बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी पडते आणि दरवर्षी एकेक वाढत जाते. पण घरात उपासमार असेल, तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसापुरतं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल घेता येतं. सोळा वर्षांची नायिका कॅटनिस आई, बहीण आणि स्वतःसाठी दरवर्षी हे धान्य घेते. म्हणजे वर्षाला चार चिठ्ठ्या, पाच वर्षांत वीस. सोडत सगळ्यांसाठी सारखीच, असं सरकार म्हणू शकतं. पण भुकेल्या घरातलं नाव त्यात अनेकदा असतं. हा अन्याय समजायला कुठल्याही व्याख्यानाची गरज लागत नाही. बारा वर्षांच्या मुलालाही बेरीज येते.

आता उत्कंठेविषयी. कॅटनिस आपली गोष्ट स्वतः सांगते, आणि तीही वर्तमानकाळात. ‘मी वाचले’ असं सांगणाऱ्या निवेदकाचा दिलासा इथे नाही. प्रकरण नेमकं संकटाच्या तोंडाशी संपतं आणि आपण अधीर होऊन पान उलटतो. पुढे कोण मरणार? मग ध्यानात येतं, की कॅपिटॉलमधले प्रेक्षकही हाच प्रश्न विचारत पडद्यासमोर बसलेले आहेत. उत्कंठेनं ओढून नेऊन लेखिका आपल्याला त्यांच्याच रांगेत बसवते.

एवढी हिंसा मुलांच्या हाती द्यावी का, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि फार लहान मुलांना ही पुस्तकं देऊ नयेत असं मलाही वाटतं. पण तरुणांनी यातून काय उचललं तेही पाहा. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी निषेधासाठी तीन बोटं उंचावली. ती खूण या कथेतली, चित्रपटांमुळे सर्वदूर पोहोचलेली. २०२१ मध्ये ती म्यानमारच्या रस्त्यांवर दिसली.

तेव्हा आपल्या मुलानं हे पुस्तक आणलं तर ते काढून घेऊ नका. त्याचं झालं की स्वतः वाचा. आणि मग शेवटी कोण जिंकलं हे न विचारता, हा खेळ मांडला कोणी आणि तो बघत कोण बसलं होतं, एवढंच विचारा.