जैवमाहितीशास्त्र : कोणास, केव्हा व किती शिकवावे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हटकून निघतो. मुलास वा मुलीस जीवशास्त्राची गोडी असली, तर ‘आता गणित सोडून दे, भार हलका होईल,’ असा सल्ला वडीलधारी मंडळी मायेपोटी देतात. हा सल्ला आज कितपत हिताचा आहे, याचा विचार आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

मानवी जनुकसंचातील सुमारे ३०० कोटी अक्षरे वाचण्याचा प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली तो पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. राहिलेल्या जागा २०२२ साली भरून निघाल्या. अक्षरे चारच : ए, सी, जी आणि टी. परंतु एवढा मजकूर नुसत्या डोळ्यांनी तपासणे कोणासही शक्य नाही. तो संगणकाच्या साहाय्याने कसा तपासावा व त्याचा अर्थ कसा लावावा, हे सांगणारे शास्त्र ते जैवमाहितीशास्त्र होय.

हे शास्त्र पदवीनंतरच शिकावयाचे, असा समज आहे. आम्हां शिक्षकांचे मत निराळे आहे. एकच उदाहरण तीन पायऱ्यांवर शिकविता येते. पायरीगणिक बदलतो तो केवळ प्रश्न. विदर्भात व सातपुड्यात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार घ्या. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांपैकी सहावा दुवा या विकारात बदललेला असतो, हे इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५७ साली दाखवून दिले. जनुकात ‘जीएजी’ असावयाचे तेथे ‘जीटीजी’ येते. एका अक्षराचा काय तो फरक!

आठवी-नववीच्या मुलांस कागदाच्या दोन पट्ट्या द्याव्यात. एकीवर निरोगी जनुकाची अक्षरे, दुसरीवर विकाराची. ‘फरक कोठे आहे?’ एवढाच प्रश्न विचारावा. येथे संगणकही लागत नाही.

महाविद्यालयात प्रश्न असा : ‘पट्ट्यांची लांबी सारखी नसेल, मधली अक्षरे गळली असतील, तर त्या जुळवाव्यात कशा?’ जुळल्यास गुण, रिकाम्या जागेस दंड, असे चौकटी आखून मांडण्याची रीत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० साली दिली. ती आधी वहीत हाताने सोडवावी, मग तिचा संगणकासाठी कार्यक्रम लिहावा. येथेच जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास गणित हवे होते असे वाटू लागते, आणि संगणकाच्या विद्यार्थ्यास प्रथिन म्हणजे काय ते शिकावे लागते.

पदव्युत्तर वर्गाचा प्रश्न सर्वांत अवघड : ‘जे जुळले, ते योगायोगाने तर नव्हे?’ १९९० साली प्रसिद्ध झालेली ‘ब्लास्ट’ ही शोधपद्धती अफाट संग्रहातून सारख्या पट्ट्या त्वरित काढून देते. पण संग्रह जितका मोठा, तितके योगायोगाने जुळणारेही अधिक. म्हणून संगणकाच्या उत्तरावर शंका घेण्यास शिकविणे, हेच या पायरीवरील खरे शिक्षण.

या विद्येस मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १९८२ साली सुरू झालेला ‘जेनबँक’ हा जनुकसंग्रह सर्वांस विनामूल्य खुला आहे. पुणे विद्यापीठात या शास्त्राचे केंद्र १९८७ सालीच स्थापन झाले. साधने दारात आहेत. वाण आहे ती तयारीची.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. जीवशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींस, विशेषतः मुलींस, अकरावीत गणित सोडावयास लावू नये. आज बंद केलेले ते दार पुढे उघडणे कठीण जाते. आणि मंडळाने आपल्या सभागृहात सुट्टीत एक वर्ग चालवावा. आरंभास कागदाच्या पट्ट्या पुरेत. शिकविण्याचा भार आम्ही उचलू.