एक लाल तारीख आपलीही

कॅलेंडरवर लाल तारीख दिसली की आंजर्ल्यात आपण काय करतो? जास्तीचे नारळ खोवून ठेवतो. सुट्टी शहरातल्या माणसांची आणि काम आपल्याला. पाहुणे कासवांची पिल्लं बघतात, कड्यावरच्या गणपतीला जातात आणि आपल्या हातचे मोदक खातात. तक्रार नाही, त्यावरच आपले गट चालतात. पण गेल्या वर्षी एक लाल तारीख चुकून आमच्या पदरात पडली, तिची ही गोष्ट.

कोकम आगळाच्या बाटल्यांवरच्या लेबलांचं काम घेऊन आम्ही चौघी रात्रीच्या एसटीने मुंबईला गेलो. सकाळी लालबागला एका वहिनींच्या दिरांच्या खोलीवर टेकलो, तेव्हा कळलं, आज गुड फ्रायडे. छापखाना बंद, काम उद्या. काकू म्हणाल्या, "चला गो, राणीची बाग तरी बघूया."

काकूंचे यजमान 1982 च्या संपापर्यंत गिरणीत होते. काकू दुखण्याला, बाळंतपणाला, लग्नाला कितीदा मुंबईला आल्या. बघितली ती खोली आणि नळ. मुंबई घरातल्या पुरुषांची, आपल्याला ती परमुलखासारखीच.

बाग उघडायला वेळ होता, म्हणून आधी दादरला शिवाजी पार्कात गेलो. सुट्टीमुळे लोकलमध्ये चक्क बसायला मिळालं. मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर माणसं निवांत बसली होती. हे मैदान 1925 साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. 1927 मध्ये ते शिवाजी पार्क झालं, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. हे सांगितल्यावर काकू कट्ट्यावर हात फिरवत म्हणाल्या, "म्हणजे नाव बाईने ठेवलंन होय!"

मग भायखळ्याला राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ही बाग 1862 साली खुली झाली. आपण तिला प्राण्यांची बाग म्हणतो, पण ती खरी झाडांची. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचा बुंधा बघून आम्ही थक्क झालो. बागेच्या नव्या आराखड्यात झाडांवर गदा येईल असं वाटलं, तेव्हा ज्या मुंबईकरांनी आवाज उठवला, त्यांत बायका पुढे होत्या.

पेंग्विनसाठी रांग वाढू लागली, तसं आम्ही सावलीतला बाक गाठला. तेवढ्यात घरून फोन, "पाहुणे आलेत, मसाल्याचा डबा कुठे आहे?" सांगितलं. पुन्हा फोन आला नाही. जेवण झालं, पाहुणेही जेवले. आमच्यावाचून अडलं नाही, याचं आधी थोडं वाईट वाटलं, मग हसू आलं. काकूंनी चपला काढून पाय वर घेतले. पाऊण तास कुणी कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "सत्तरी आली. नुसतं बसायला आज मिळालं."

ते वाक्य घेऊनच आम्ही परत आलो आणि ग्रामसंघाच्या बैठकीत विषय मांडला. हंगाम संपल्यावर, पावसाआधी, वर्षातून एक दिवस गटाची चूल बंद ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. काही जणी म्हणाल्या, त्या दिवसाची कमाई बुडेल. खरं आहे. म्हणून दरमहा बचतीबरोबर 10 रुपये वेगळे काढायचं ठरलं. वर्षाला 120 होतात. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि भाकरी आपली आपण बांधून न्यायची.

तुम्हीही मुंबईला जाल, तेव्हा एक सकाळ काढा. राणीची बाग बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. आणि मुंबई लांब पडत असेल, तर आपला समुद्र आहेच. पाहुण्यांना तो रोज दाखवतो. तिथे आपण शेवटच्या कधी नुसत्या बसलो होतो, ते आज आठवून बघा.